आधी वॅट कमी करा, मग पंख्याचे बोला

घरच्या टीव्हीला जोडून सिनेमा, नाटक, मैफल पाहण्यासाठी संगणक जुळवायचा म्हटले की ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीत तीन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला असा की आवाजाचा विचारच करू नका. खाली रिक्षा, बाजूला रेल्वे, डोक्यावर गरगरणारा पंखा, तिथे संगणकाची घरघर कोणाला ऐकू येणार? दुसरा सल्ला दुकानातला असतो: शांतता हवी असेल तर दमदार प्रोसेसर घ्या, त्यावर लिक्विड कूलर बसवा, वेगळे ग्राफिक्स कार्ड घाला आणि साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) लावा, म्हणजे यंत्रावर ताण येणार नाही. तिसरा सल्ला परदेशी व्हिडिओ पाहणाऱ्या शौकिनांचा: पंखा म्हणून नकोच, सगळे अॅल्युमिनियमच्या बंद कॅबिनेटमध्ये बसवा. तिन्ही सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण त्यांची चूक एकच आहे. तिघांचेही लक्ष पंख्यावर आहे. पंखा हा परिणाम आहे. कारण आहे ती यंत्रात तयार होणारी उष्णता. सिनेमा चालू असताना यंत्र किती वॅट खाते, हा पहिला प्रश्न असायला हवा. सुटे भाग त्या प्रश्नाच्या उत्तरावरून निवडले तर शांतता फारसा खर्च न करता मिळते. तो प्रश्न टाळून कितीही पैसे ओतले तरी ती मिळत नाही, हे मला इथे मांडायचे आहे.

पहिल्या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे, तो आधी मान्य करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून ही गावे रुळांच्या दोन्ही बाजूंनी वाढत गेली. डोंबिवलीत रुळांना खेटून उभ्या असलेल्या इमारतींची कमतरता नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ चे आणि भिवंडीमार्गे कल्याणकडे जाणाऱ्या मेट्रो ५ चे काम वर्षानुवर्षे चालू आहे. पण याच ठाण्यातून डॉ. महेश बेडेकर यांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध जनहित याचिका लढवली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली त्या प्रकरणात सविस्तर निकाल दिला. देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाहेरच्या गोंगाटाविरुद्ध न्यायालयापर्यंत जाणाऱ्या गावाला घरातल्या शांततेची किंमत कळत नाही, असे कोणी म्हणू नये. शिवाय सिनेमा बहुतेक घरांत जेवणे आटोपल्यावर लागतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, उन्हाळ्यात एसीसाठी बंद असतात. बाहेरचा आवाज त्या वेळी खाली गेलेला असतो आणि मग टीव्हीशेजारच्या यंत्राची घरघर वर येते. गोंगाट जास्त असलेल्या गावात शांततेचे ते दोन तास अधिक मोलाचे ठरतात.

छताच्या पंख्याचा मुद्दा मात्र वेगळा तपासला पाहिजे, कारण तो ऐकायला बिनतोड वाटतो. आवाज केवळ किती मोठा आहे यावर त्याचा त्रास ठरत नाही. तो कोणत्या जातीचा आहे यावर ठरतो. तीन पात्यांचा छताचा पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो असे धरले तर पाती एका ठिकाणावरून सेकंदाला साडेसतरा वेळा जातात. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ आहे, म्हणजे पात्यांचा हा ठोका स्वर म्हणून ऐकूच येत नाही. आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः हवेचा पसरट सळसळाट, आणि तो एकसारखा असल्याने थोड्या वेळात कान त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. आता संगणकाचा सात पात्यांचा पंखा घ्या. तो मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १४० ठोके होतात. संगीताशी परिचय असलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल: काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झवर असतो. म्हणजे अनेक पुरुष गायक ज्या पट्टीत गातात, नेमक्या त्याच ठिकाणी हा पंखा गुणगुणतो, आणि तोही स्वरापासून किंचित चढा. पंडित राम मराठे यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते त्या ठाण्यात याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. चैतन्य ताम्हाणे यांचा २०२० सालचा ‘द डिसायपल’ हा चित्रपट पाहताना तंबोऱ्याखाली असा परका स्वर सतत लागून राहिला तर चित्रपटाचा प्राणच जातो. त्यात उष्णता वाढली की पंख्याचा वेग वाढतो, ती उतरली की कमी होतो, म्हणजे स्वर चढत-उतरत राहतो. बदलणाऱ्या आवाजाला कान सरावत नाही. छताच्या पंख्याखाली संगणकाचा पंखा बुडून जातो, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

शांत संगणक ही मोठ्या बंगल्यातल्या सिनेमा-खोलीची चैन आहे, असेही म्हटले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बंगल्यात यंत्र दूरच्या कपाटात किंवा शेजारच्या खोलीत ठेवता येते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही युनिट यांच्यात दोन-अडीच मीटरपलीकडे अंतर मिळत नाही आणि यंत्र त्या युनिटमध्येच बसवावे लागते. भिंती जवळ असल्याने आवाज त्यांच्यावर आपटून परतही येतो. त्यामुळे लहान घरालाच शांत यंत्राची गरज जास्त आहे. संवाद नीट ऐकू यावेत म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि त्याचा त्रास भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना द्यायचा, हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सिनेमा चालवताना संगणक तापतो कशामुळे? व्हिडिओ फाइल ही दाबून बसवलेली असते आणि ती उलगडण्याचे काम दोन प्रकारे होते. प्रोसेसरच्या चिपमध्ये त्यासाठी खास विभाग असेल तर ते काम मोजक्या वॅटमध्ये होते आणि मुख्य कोअर जवळपास रिकामे बसतात. तो विभाग त्या फाइलची पद्धत ओळखत नसेल तर सारे कोअर कामाला जुंपले जातात, चिप तापते आणि पंखा भिरभिरतो. म्हणजे आवाजाचे पहिले उत्तर पंख्यांच्या यादीत सापडत नाही. चिप कोणकोणत्या पद्धती स्वतः उलगडते, या यादीत सापडते. आज १० बिटची एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या तिन्ही पद्धती त्या यादीत असायलाच हव्यात. यूट्यूबचे फोरके व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१मध्ये येतात. आयफोन २०१७ पासून आणि आता अनेक अँड्रॉइड फोनही लग्न-मुंजीचे चित्रण एचईव्हीसीमध्ये साठवू शकतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अकराव्या पिढीपासून एव्ही१ची सोय आली. एएमडीचा लोकप्रिय रायझन ५ ५६००जी एरवी चांगला असला तरी एव्ही१ त्याच्या चित्र-विभागाला उलगडता येत नाही, ८६००जीला येते. नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये चित्र-विभाग नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला की ग्राफिक्स कार्ड घेणे भाग पडते. बिनपंख्याचे आणि म्हणून ‘होम थिएटरसाठी उत्तम’ म्हणून विकले गेलेले जीटी ७१० कार्ड पाहा. ते स्वतः निःशब्द आहे, पण एचईव्हीसी उलगडणे त्याला येत नाही आणि त्याची एचडीएमआय जोडणी फोरके चित्र सेकंदाला ३० चौकटींपुरतेच देते. कार्ड गप्प राहते आणि त्याचे काम अंगावर पडल्याने प्रोसेसरचा पंखा ओरडतो. पंख्याकडे पाहून निवड केली की असे होते.

यादी पूर्ण असलेल्या चिपांमध्ये मग कमी वॅटची चिप निवडायची. इंटेलची २०२३ मध्ये बाजारात आलेली एन१०० ही चार कोअरची चिप कागदावर ६ वॅटची आहे आणि वरच्या तिन्ही पद्धती स्वतः उलगडते. बोर्ड, रॅम, एसएसडी धरून असे यंत्र सिनेमा दाखवताना भिंतीच्या सॉकेटवर १०–१५ वॅटच्या आसपास राहते. अॅसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा बोर्ड पंख्याविना येतो आणि लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालतो, म्हणजे एसएमपीएस आणि त्याचा पंखाही गेला. यापेक्षा जोर हवा असेल तर आय३-१२१००सारखा प्रोसेसर घ्यावा. त्याचा मूळ आकडा ६० वॅट आणि कमाल ८९ वॅट आहे, पण बायोसमध्ये त्याला ३५ वॅटची मर्यादा घालता येते. चित्र उलगडण्याचे काम खास विभागाकडे असल्याने त्या मर्यादेचा सिनेमावर परिणाम होत नाही. पंखा लागलाच तर मोठा आणि संथ घ्यावा, कारण पंख्याचे गणित आपल्या बाजूने आहे: फेरे निम्मे केले की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा एक तृतीयांशाहून कमी फेऱ्यांत ढकलतो. बाजारातल्या तळहाताएवढ्या मिनी पीसींची निवड म्हणूनच सावधपणे करावी. चिप तीच कमी वॅटची असते, पण पंखा इवलासा असतो आणि तेवढीच हवा द्यायला त्याला किंचाळत फिरावे लागते.

दुकानातल्या सल्ल्याला उत्तर देणे आता सोपे आहे. लिक्विड कूलर उष्णता नाहीशी करत नाही. ती पाण्यातून रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथून पंख्यांनीच बाहेर टाकतो. पूर्वी एक पंखा होता. आता दोन-तीन पंखे आणि सतत चालणारा पंप झाला. सारख्या आवाजाचे दोन स्रोत एकत्र आले की ३ डेसिबलची भर पडते. दीड-दोनशे वॅटचे काम करणाऱ्या यंत्राला असा कूलर शोभतो. पंधरा-वीस वॅटच्या कामाला तो निव्वळ भार आहे. साडेसहाशे वॅटच्या एसएमपीएसचे तसेच. ८० प्लसचे साधे प्रमाणपत्र २०, ५० आणि १०० टक्के भारावरची कार्यक्षमता तपासते. वीस वॅट खाणारे यंत्र अशा एसएमपीएसवर जेमतेम तीन टक्के भार टाकते, आणि तिथली कार्यक्षमता प्रमाणपत्रात कुठेच नसते. ताण येणार नाही म्हणून मोठा आकडा घ्यायचा आणि त्यापायी जिथे तो सर्वांत कमी कार्यक्षम असतो तिथेच त्याला आयुष्यभर राबवायचे, हे शहाणपण नाही. यंत्राची गरज मोजून पुरेसा, कमी भारावर पंखा बंद ठेवणारा लहान एसएमपीएस किंवा बाहेरचा अॅडॅप्टर घ्यावा.

तिसरा सल्ला, म्हणजे पंखा मुळीच नको हा, सर्वांत शुद्ध वाटतो आणि त्याच्या बाजूने एक खरा मुद्दाही आहे. मेट्रोच्या कामांमुळे आणि नव्या टॉवरांमुळे धूळ एवढी आहे की पंख्याबरोबर ती यंत्रात ओढली जाते, जाळ्या तुंबतात आणि वर्षभरात शांत यंत्र घरघरू लागते. बंद कॅबिनेटला हा त्रास नाही. परंतु युरोपातल्या शौकिनांचे हिशेब वीस-बावीस अंशांच्या खोलीचे असतात. आपल्याकडे मार्च ते मे या काळात ठाणे-कल्याण पट्ट्यात पारा अनेकदा ३८–४० अंशांवर जातो आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरचे ऊन तो पुन्हा वर चढवते. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक वॅट गुणिले हीटसिंकचा अडथळा, इतके हे सरळ आहे. बिनपंख्याच्या हीटसिंकमुळे दर वॅटमागे दीड अंश वाढतो असे धरू. ३५ वॅटला ५२ अंशांची भर पडते: वीस अंशांच्या खोलीत ७२, काळजी नाही, ३८ अंशांच्या हॉलमध्ये ९०, आणि मागे प्लायवूड ठोकलेल्या टीव्ही युनिटात त्याहून पाच-सात अंश जास्त. त्या टप्प्यावर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि चित्र अडखळू शकते. त्याच हीटसिंकवर पाच-सहाशे फेऱ्यांचा एक मोठा पंखा ठेवून दर वॅटमागची वाढ अर्ध्या अंशावर आणली तर हाच आकडा ५५–५६ होतो, आणि तो पंखा सोफ्यावरून ऐकू येत नाही. दहा-बारा वॅटचे यंत्र मात्र आपल्या उन्हाळ्यातही बिनपंख्याचे निभावते. याचा अर्थ पंखा नसणे हे कमी वॅटचे फळ आहे. ते ध्येय मानून जास्त वॅटच्या यंत्रावर लादता येत नाही. धुळीला उत्तर म्हणून हवा आत घेणाऱ्या बाजूला धुता येणारी जाळी लावावी, युनिटची पाठ मोकळी ठेवावी आणि पावसाळ्याच्या आधी व दिवाळीच्या साफसफाईत ती जाळी धुवावी.

पंख्यांच्या वादात हार्ड डिस्कचा विसर पडतो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०; हा कंप लाकडी युनिटला मिळाला की युनिट स्वतःच गुंजू लागते. त्यामुळे टीव्हीशेजारच्या यंत्रात फक्त एसएसडी असावी आणि सिनेमांचा मोठा साठा हार्ड डिस्कवर, दुसऱ्या खोलीत राउटरजवळ ठेवावा. फोरके ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट आहे आणि साधी गिगाबिट लॅन वायर १००० मेगाबिट नेते, म्हणजे चित्र थांबण्याचे कारण उरत नाही. पावसाळ्यात वीज जाते म्हणून यूपीएस लावणे योग्यच, पण त्याचा रिले खटखटतो आणि बझर वाजतो. तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवून शांत यंत्राची चर्चा करण्यात अर्थ नाही. कमी वॅटचा फायदा इथेही आहे: तोच लहान यूपीएस मोठ्या यंत्राच्या कित्येक पट वेळ टिकतो.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला: एवढा खटाटोप कशाला, टीव्हीला छोटी स्टिक लावा. ज्यांना फक्त ओटीटी पाहायचे आहे त्यांनी खरोखर तेच करावे. काही सेवांचे फोरके चित्र कॉपीसंरक्षणाच्या अटींमुळे संगणकावर मिळणेच कठीण जाते, हे लपवू नये. संगणक हवा आहे तो ज्यांच्याकडे स्वतःचा साठा आहे त्यांना: जुन्या डीव्हीडी, नाटकांचे आणि मैफलींचे ध्वनिमुद्रण, कॅसेटवरून उतरवलेले घरचे चित्रण. हा ठेवा कोणत्याही सेवेवर नाही आणि कोणत्याही कंपनीच्या मर्जीने तो बंद व्हायला नको. दुसरा आक्षेप भविष्याचा: आज कमी ताकदीचे घेतले तर उद्या जुने होईल. सिनेमाच्या यंत्राला जुने करते ती नवी व्हिडिओ पद्धत, आणि ती आली की जास्त वॅटचा प्रोसेसरही तितकाच जुना होतो, कारण कमतरता कोअरची नसते, उलगडणाऱ्या विभागाची असते. तेव्हा लहान बोर्ड बदलणे स्वस्त पडते. तिसरा आक्षेप मुलांच्या गेमचा. गेम खेळणाऱ्या यंत्राला शंभर-दोनशे वॅट लागणारच; ते अभ्यासाच्या टेबलाखाली असू द्या. एकाच यंत्राने दोन्ही कामे करावीत हा हट्ट धरला की सिनेमाच्या वेळी गेमच्या यंत्राचा आवाज आणि वीज दोन्ही सोसावी लागतात. नुसत्या ५० वॅटचा फरक रोज पाच तास धरला तर वर्षाला सुमारे ९१ युनिट होतात. महावितरणच्या बिलात ते दिसतील, आणि तेवढीच उष्णता हॉलमध्ये ओतली गेल्याने उन्हाळ्यात एसीलाही ती उपसावी लागेल.

माझ्या म्हणण्याचा निष्कर्ष सरळ आहे. भाग निवडण्याचा क्रम बदला: आधी चिपची उलगडण्याची यादी, मग वॅट, मग चाळीस अंशांच्या दिवशी पुरेल असा हीटसिंक, आणि सर्वांत शेवटी पंखा. ठाण्याच्या, कल्याणच्या किंवा डोंबिवलीच्या दुकानात जा, नाहीतर लॅमिंग्टन रोडला जा. विक्रेत्याने प्रोसेसरचे नाव उच्चारले की एकच विचारा: फोरके सिनेमा चालू असताना हे सगळे यंत्र सॉकेटवर किती वॅट खाईल? सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर सहज मिळतो. पैसे देण्याआधी त्यावर आकडा पाहा. आकडा वीसच्या आत असेल तर यंत्र घरी न्या. तो शंभराच्या पुढे असेल तर कूलर कितीही महागडा असो, ते यंत्र तुमच्या हॉलसाठी नाही.